सिनेमे, कार्टून आणि एक फौजी बाप

आमच्याकडे बर्फ पडायला लागला की दोन गोष्टी आधी बंद होतात. एक वरचा रस्ता आणि दुसरी खालून येणारी ताजी भाजी. मग संध्याकाळी करायचं काय, हा प्रश्न सुरू होतो. अरुणाचलात हिवाळ्यात साडेचारलाच अंधार पडतो. जागेचं नाव सांगता येणार नाही आणि सांगून उपयोगही नाही, कारण नकाशावर ती शोधायला मलाच वेळ लागला होता. अशा संध्याकाळी मनोरंजन कक्षात बुखारी पेटते, मोठा टीव्ही लागतो आणि नेट असलं तर सिनेमा सुरू होतो. नेट नसलं तर रजेवरून आलेल्या कुणीतरी फोनवर उतरवून आणलेलं असतंच.

मी समीक्षक नाही, हे आधीच सांगतो. सिनेमा पाहण्याचं माझं शिक्षण एनडीएतल्या हबीबुल्ला हॉलमध्ये झालं. आपल्यातल्या जुन्या फौजींना माहीत आहे, पहिल्या टर्मचा कॅडेट त्या हॉलमध्ये सिनेमा बघायला जात नाही, झोपायला जातो. दिवे गेले की पाचव्या मिनिटाला आख्खी रांग आडवी. कितीतरी गाजलेल्या सिनेमांचे फक्त पाट्या आणि शेवट मी पाहिले आहेत. त्यामुळे सिनेमा या विषयावर माझं मत म्हणजे पाऊण सिनेमा झोपून काढलेल्या माणसाचं मत. तरीही गेल्या दोन हिवाळ्यांत मी जागा राहून बरंच काही पाहिलं आणि त्यातून घरात एक प्रकरण उभं राहिलं. त्याबद्दल लिहायचं आहे.

माझं युनिट थंबींचं, म्हणजे मद्रास सॅपर्सचं. मी मूळचा सांगलीचा, पण वीस वर्षं या पोरांबरोबर काढल्यावर आता मला पोह्यांइतकीच इडली लागते आणि रागावलो की तोंडातून तमिळ निघतं. तेव्हा पहिल्या हिवाळ्यात 'अमरन' लागला तो मूळ तमिळमध्येच. शिवकार्तिकेयन आणि साई पल्लवी, मग काय, खोलीत पाय ठेवायला जागा नाही. दाराबाहेर बूट इतके की गार्ड बदलायला गेलेल्या नायकाला स्वतःचे सापडेनात.

गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. मेजर मुकुंद वरदराजन, 44 राष्ट्रीय रायफल्स, शोपियाँ, 25 एप्रिल 2014. मरणोत्तर अशोकचक्र. फौजी सिनेमा बघताना मला चुका काढायची खोड आहे. डोक्यावर टोपी नसताना सॅल्यूट, वायरलेसवर 'ओव्हर अँड आऊट' (एक तर 'ओव्हर' म्हणा नाहीतर 'आऊट', दोन्ही एकदम म्हणणारा सिग्नलवाला मी अजून पाहिलेला नाही), कॅप्टनच्या छातीवर जनरलची पदकं. माझ्या शेजारी सुभेदार मेजर साहेब बसतात, तेही यात तरबेज. पण 'अमरन'च्या शेवटच्या अर्ध्या तासात आम्ही दोघंही गप्प होतो. तो भाग चकमकीचा कमी आणि इंदूचा जास्त आहे. घरी निरोप पोचतो तो भाग.

मी एकदा असा निरोप घेऊन गेलो आहे. जिल्हा सांगत नाही. तेव्हा मी पीस पोस्टिंगवर होतो, त्या भागातलं जवळचं स्टेशन आमचं होतं, म्हणून मला पाठवलं. जवान माझ्या युनिटचा नव्हता, मी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. बरोबर एक सुभेदार साहेब आणि गावचे पोलीस पाटील. दारात त्याची आई शेंगा निवडत बसली होती. तिने आमचे युनिफॉर्म पाहिले, पोलीस पाटलांचा चेहरा पाहिला आणि उठून म्हणाली, "बसा, पाणी आणते." आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी ते वाक्य तोंडात धरून ओसरीवर उभा होतो. सिनेमात या ठिकाणी सनई किंवा व्हायोलिन असतं. तिथे शेजारच्या घरातला मिक्सर चालू होता. शेवटी ती पाणी घेऊनच आली. तांब्या, दोन पेले. आम्ही ते प्यायलो, कारण न पिणं मला जमलं नाही.

'अमरन' पाहताना मला तो तांब्या आठवला. म्हणून सिनेमा चांगला की वाईट, हे मी सांगू शकत नाही. सिनेमा संपल्यावर पोरं टाळ्या न वाजवता उठली आणि फोनच्या रांगेत जाऊन उभी राहिली. हेच त्याचं परीक्षण समजा.

आता प्रकरणाकडे येतो. माझी लेक तेव्हा पाचवीत होती. ती आणि तिची आई पुण्यात, फील्डमध्ये असलेल्यांच्या कुटुंबांसाठी जे क्वार्टर असतात तिथे राहतात. त्या कॉलनीत सगळेच बाबा बाहेर. तिथल्या मुलांनी मिळून एका घरी 'अमरन' पाहिला. त्याआधी 'शेरशाह' पाहिलेला होता, 'मेजर'ही पाहिलेला होता. दोन दिवसांनी फोनवर शाळा, डबा, गणिताचा पेपर असं सगळं झाल्यावर तिने विचारलं, "बाबा, आर्मीच्या सिनेमात बाबा शेवटी मरतातच का?"

मी म्हटलं, "अगं, ते शूर होते म्हणून त्यांच्यावर सिनेमे निघाले."

"मग जे मरत नाहीत ते शूर नसतात?"

लाइन खराब असल्याचं सोंग करायची सोय आमच्याकडे नेहमीच असते. त्या दिवशी मी ती वापरली. अभिमान वाटावा असं त्यात काही नाही.

नंतर बायकोचा मेसेज आला. लेक त्या दिवसापासून टीव्हीवर बातम्या लागल्या की उठून जाते. खाली पट्टीवर जवान हा शब्द दिसला की आधी जागेचं नाव वाचते आणि मग खोलीत जाते. फौजी सिनेमा लावायचा नाही, असं तिने आईला बजावून ठेवलं आहे.

मी विचार करू लागलो. मी स्वतः फौजेत आलो त्याला 1997 सालच्या 'बॉर्डर'चाही हातभार आहे. दहावी झाल्यावर मित्रांबरोबर तीनदा पाहिला होता. लोंगेवाला, डिसेंबर 1971 ची ती रात्र, सनी देओल. त्यात सुनील शेट्टीने भैरोंसिंग नावाच्या बीएसएफ जवानाचं काम केलं आहे. तो रणगाड्याखाली जातो आणि आख्खं थिएटर रडतं. आम्हीही रडलो. फौजेत आल्यावर कितीतरी वर्षांनी मला कळलं की खरे भैरोंसिंग राठौड लोंगेवाल्याला मेलेच नव्हते. लढले, सेना मेडल मिळालं, नोकरी पूर्ण करून गावी गेले आणि डिसेंबर 2022 मध्ये जोधपूरला वार्धक्यात वारले. म्हणजे पडद्यावर मेल्यानंतर हा माणूस पंचवीस वर्षं जिवंत होता. स्वतःचं मरण त्यांनी टीव्हीवर किती वेळा पाहिलं असेल, कोण जाणे.

लोंगेवाल्याची खरी कमाल हीच आहे की एका कंपनीने रणगाड्यांपुढे रात्र काढली, सकाळी जैसलमेरहून आपली हंटर विमानं आली आणि त्या कंपनीतले जवळजवळ सगळे जण घरी परतले. पण परतलेल्यांवर गाणं बसत नाही. सिनेमावाल्यांना दोष देत नाही. अडीच तासांत लोकांना घरी पाठवायचं तर शेवट लागतो, आणि मरणासारखा शेवट नाही. मात्र कमांडिंग ऑफिसर म्हणून माझं यश मोजायची पद्धत अगदी उलटी आहे. जितके वर नेले तितके खाली आणले का? त्याच्यावर सिनेमा निघणार नाही आणि निघू नये म्हणूनच आम्ही राबतो.

हे सगळं अकरा वर्षांच्या पोरीला फोनवर सांगता येत नाही. म्हणून मी दुसरी युक्ती केली. तिला म्हटलं, "एक आर्मीचा सिनेमा आहे, त्यात हिरो मरत नाही. बघशील?" 'सॅम बहादुर'. 2023 चा, मेघना गुलजारचा. तो संथ आहे, प्रसंगामागून प्रसंग येतात आणि गोष्ट नीट पकड घेत नाही, अशी तक्रार होती. मला ती पटते. पण माझ्या कामाला तोच लागत होता. तरुण माणेकशॉ 1942 साली ब्रह्मदेशात पोटात गोळ्या खाऊन पडतो, आता गेलाच असं सगळ्यांना वाटतं आणि तो उठतो. पुढे फील्ड मार्शल होतो. लेकीने मध्येच सिनेमा थांबवून फोन केला. "बाबा, नक्की मरत नाही ना? आत्ता हॉस्पिटलमध्ये आहे." मी म्हटलं, "चौऱ्याण्णव वर्षं जगले. 2008 साली वेलिंग्टनला वारले." पलीकडे हिशेब चालल्याची शांतता. मग, "म्हणजे आजोबांपेक्षा म्हातारे?" "हो." "मग ठीक आहे," म्हणाली आणि पुढे पाहिला.

त्याच विकी कौशलचा 'छावा' मात्र तिने पाहिला नाही आणि मी आग्रह केला नाही. शेवट मराठी पोराला वेगळा सांगावा लागत नाही. इथे वरती आम्ही पाहिला तेव्हा गंमत झाली. सिनेमा संपल्यावर खोलीत जड शांतता होती. थंबींना शंभूराजांचं नाव माहीत होतं, पण हा तपशील नव्हता. एक तरुण सॅपर म्हणाला, "सर, मग पुढे? सगळं संपलं?" मी म्हटलं, "संपलं कसं? धाकटे भाऊ राजाराम महाराज रायगडावरून निसटले आणि थेट तुमच्याकडे आले. जिंजीला." त्याचे डोळे मोठे झाले. "सेंजी? सर, आमच्या गावाहून बसने जातो तिथे!" विळुपुरम जिल्ह्यातला पोरगा. मग मी अर्धा तास बुखारीजवळ बसून सांगितलं की औरंगजेबाच्या सरदाराने जिंजीला सुमारे आठ वर्षं वेढा घातला, किल्ला शेवटी पडला, पण राजाराम त्याआधीच बाहेर निघाले होते आणि महाराष्ट्रात परतले. 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यातले अकरा आपल्याकडचे आणि बारावा जिंजी, हेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो मला विचारतो, "सर, ते राजे परत गेले, तो सिनेमा कधी येणार?" मी मनात म्हटलं, तू आणि माझी लेक एकाच प्रश्नावर अडला आहात.

मे महिन्यात रजेवर गेलो. लेक आता फौजी सिनेमांना हात लावत नव्हती, कार्टूनकडे वळली होती. कार्टून म्हणजे माझ्या लेखी छोटा भीम. लाडू खाल्ला, दणका दिला, ढोलकपूर वाचलं. तिने मला समोर बसवून 'इनसाइड आऊट'चे दोन्ही भाग दाखवले. पहिला 2015 चा. त्यात अकरा वर्षांच्या रायलीचे आईवडील मिनेसोटा सोडून सॅन फ्रान्सिस्कोला जातात, नवी शाळा, नवं घर, आणि सामानाचा ट्रक वेळेवर पोचत नाही. बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "हे तर आपलंच पोस्टिंग!" आमच्या काळ्या ट्रंका एकदा तीन आठवडे उशिरा आल्या होत्या आणि लेकीने शाळेचा पहिला दिवस उसन्या दप्तरावर काढला होता. रायलीची एक शाळा बदलते, माझ्या लेकीने तोपर्यंत चार बदलल्या होत्या. दर वेळी आम्ही तिला सांगितलं, नवे मित्र मिळतील, मज्जा येईल. सिनेमात आई रायलीला हसत राहायला सांगते आणि पोरगी आतल्या आत मिटत जाते. मी चहा घ्यायला उठलो. चहा नको होता.

दुसरा भाग 2024 चा. त्यात रायलीच्या डोक्यात एक नवी केशरी रंगाची बाई येते, चिंता. ती कामगारांना टेबलांवर बसवून उद्या काय काय वाईट होऊ शकतं याची चित्रं काढून घेते. मला हसू आलं. ही तर आमची ऑपरेशन्स रूम! शत्रू इकडून आला तर, पूल वाहून गेला तर, रस्ता बंद झाला तर. याच कामाचा मला पगार मिळतो. मी हसतोय हे पाहून लेक म्हणाली, "बाबा, माझ्याकडेही ती आहे. रात्री तुझी चित्रं काढते."

मी टीव्ही थांबवला. कसली चित्रं, ते विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. सहा महिन्यांपूर्वी फोनवर जे टाळलं होतं, ते आता दोन फुटांवर बसलं होतं. मी तिला सांगितलं की मीसुद्धा अशीच चित्रं काढतो, रोज काढतो, आणि त्यातलं प्रत्येक चित्र खोटं ठरावं म्हणून दिवसभर काम करतो. दोरखंड तपासतो, गाडीच्या साखळ्या तपासतो, पोरांना पुरेशी झोप मिळाली का ते बघतो. मरत नाहीत तेही शूर असतात का, याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही, पण मरू नये आणि मरू देऊ नये यासाठीच आमचा बहुतेक दिवस जातो. ती म्हणाली, "मग हे सिनेमात का दाखवत नाहीत?" मी म्हटलं, "साखळ्या तपासण्याचा सिनेमा कोण बघणार?" "मी बघेन," म्हणाली. सिनेमाच्या शेवटी त्या चिंतेला कुणी हाकलून देत नाही. तिला एक आरामखुर्ची देतात, हातात चहा देतात. डोक्याच्या डॉक्टरांना काय वाटतं माहीत नाही, पण मला हे समजूतदार वाटलं.

परत येऊन पोरांना 'फ्लो' दाखवला. लाटव्हियाचा, 2025 चा ऑस्कर मिळालेला. एक शब्दसुद्धा संवाद नाही, त्यामुळे तमिळ, तेलुगू, मल्याळी, मराठी, कुणाची अडचण नाही. सगळीकडे पाणी चढतं आणि एक मांजर, एक कुत्रा, एक माकडासारखा लीमर, एक मोठा पक्षी आणि कॅपिबारा नावाचा एक निवांत प्राणी अशी मंडळी एका होडीत जमतात. सॅपरला पुराचा सिनेमा दाखवणं म्हणजे न्हाव्याला केस कापताना दाखवणं. "सर, वजन एका बाजूला आहे." "सर, लाइफ जॅकेट कुठंय?" यातल्या अनेकांनी 2018 मध्ये केरळात बोटी चालवल्या आहेत. एक हवालदार म्हणाला, तिथे एक आजी शेळीशिवाय बोटीत बसायला तयार नव्हती, शेवटी शेळी आधी घेतली. 2019 च्या ऑगस्टमध्ये माझ्या सांगलीत पाणी शिरलं तेव्हा मी राजस्थानात होतो. माझ्या आईला बोटीत कुठल्या तरी दुसऱ्या युनिटच्या पोरांनी बसवलं. त्यांची नावं मला आजही माहीत नाहीत. ती मात्र सांगते, "एका पोराने मला उचलूनच घेतलं रे, आणि म्हणाला, माँजी, डरो मत." त्या पोराच्या आईला हे कळलं असेल का?

आणि शेवटचं कार्टून, ज्यासाठी एवढं लिहिलं. ऑस्ट्रेलियाचं 'ब्लूई'. निळ्या कुत्र्यांचं कुटुंब, सात-सात मिनिटांचे भाग. एवढ्या लहान मुलांचं तू का बघतेस, असं मी लेकीला म्हणालो, तर तिने "तू 'क्रिकेट' नावाचा भाग बघ, मग बोल" असं फर्मान काढलं. रस्टी नावाचं एक पिल्लू आहे. वाढदिवसाला जमलेल्या सगळ्या बाबालोकांना तो आऊट होत नाही. तो इतकं चांगलं खेळायला कसा शिकला, त्याची गोष्ट. त्याचे वडील सैन्यात आहेत, दूर पोस्टिंगवर. मोठ्या मुलाच्या वेगवान बॉलिंगला तो घाबरतो तेव्हा त्यांचं पत्र येतं. शेवटी जिंकणं हातात असताना तो हळूच असा फटका मारतो की त्याच्या छोट्या बहिणीला झेल मिळावा.

सात मिनिटं. त्यात बाबा मरत नाहीत. बाबा येतही नाहीत. फक्त त्यांचं पत्र येतं आणि पोरगं त्यावर मोठं होतं. फौजेवरचं इतकं खरं मी हिंदीत पाहिलेलं नाही, आणि ते कुत्र्याच्या पिल्लांच्या कार्टूनमध्ये सापडावं याचं मला जरा वाईटही वाटलं.

त्या रात्री मी पेन घेतलं. व्हिडिओ कॉल आल्यापासून घरी पत्र लिहिलेलं नव्हतं. काय लिहावं सुचेना. शूर वगैरे काही लिहिलं नाही. आज कुठल्या साखळ्या तपासल्या, लंगरमध्ये सांबार कसं झालं होतं, कुणाला सर्दी झाली आणि कोण रजेवरून परत आला, असं दोन पानं लिहिलं. तिने म्हटलं होतं ना, मी बघेन, तर हा घे तो सिनेमा. पाकिटावर आमचा नेहमीचा 99 एपीओचा पत्ता टाकला आणि खाली जाणाऱ्या गाडीबरोबर पाठवलं.

उत्तर अठरा दिवसांनी आलं. "बाबा, तुझं अक्षर वाचायला आईला बोलवावं लागलं. ज्याला सर्दी झाली होती त्याचं काय झालं ते लिहायचं राहिलं आहे. मार्चची रजा नक्की ना? बॅट आणली आहे, बॉल तू आण."

सर्दी बरी झाली आहे, तसं कळवलं आहे. रजा मंजूर आहे. रस्ता उघडला की निघतो.